परक्याच्या दारातली दोन वर्षं

नवीन पनवेलहून माथेरानच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या सुकापुरात, किंवा तशा कुठल्याही वाढत्या उपनगरात, मुलाचं अठरावं वर्ष म्हणजे घरादाराची परीक्षा असते. बारावी, सीईटी, जेईई, नीट, प्रवेशाच्या फेऱ्या, बँकेचं शैक्षणिक कर्ज. या वर्षात एक महिनाही वाया जाऊ नये, अशी साऱ्या घराची धडपड असते. नेमक्या याच वयात अमेरिकेच्या युटा राज्यातली हजारो मुलं शिक्षण थांबवून, स्वतःच्या आणि आईवडिलांच्या खर्चाने दोन वर्षांसाठी घर सोडतात. कुठे जायचं हे ती ठरवत नाहीत. पेरू, घाना, फिलिपिन्स, जपान, जिथला हुकूम येईल तिथे जायचं, तिथली भाषा शिकायची आणि अनोळखी माणसांची दारं ठोठावायची. बहुतेक दारं तोंडावर बंद होतात. लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात त्या पंथाची ही तरुण मिशनरी प्रथा. पंथाचं अधिकृत नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. त्यांची धर्मश्रद्धा आपल्याला पटो वा न पटो, या प्रथेकडे शिक्षणाचा एक मोठा प्रयोग म्हणून पाहण्यासारखं पुष्कळ आहे. तरुण माणूस परमुलखातून काय शिकून येतो, हे कशावर ठरतं? त्याच्या श्रद्धेवर, हुशारीवर, की संस्थेच्या शिस्तीवर? माझं म्हणणं असं की ते मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरतं: तिथे त्याला कोणावर अवलंबून राहावं लागलं.

आधी ही व्यवस्था चालते कशी ते पाहू. जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. छळ आणि पळापळ सोसून ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली त्याचे अनुयायी १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या ओसाड खोऱ्यात वसले. पगारी पुरोहितवर्ग स्थानिक पातळीवर नसलेल्या या पंथात प्रचार ही सामान्य माणसाची जबाबदारी ठरली. २०१२ मध्ये पंथाने वयाची अट खाली आणली: मुलांसाठी एकोणीसऐवजी अठरा, मुलींसाठी एकवीसऐवजी एकोणीस. मुलगे चोवीस महिने जातात, मुली अठरा. प्रशिक्षणाचं मोठं केंद्र युटातल्या प्रोव्हो शहरात आहे. तिथे पन्नासहून अधिक भाषा शिकवल्या जातात, पण शिकायला मिळतात जेमतेम काही आठवडे. पुढचं सारं रस्त्यावर. प्रत्येकाला एक जोडीदार दिला जातो आणि त्याला सोडून एकट्याने कुठे जायचं नसतं. पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस आखलेला, प्रेमप्रकरणांना मनाई, आठवड्यातला एक दिवस कपडे धुण्याला, बाजारहाटाला आणि पत्रांना. २०१९ पर्यंत घरी फोन करायची मुभा वर्षातून दोनदाच होती, नाताळला आणि मातृदिनी. आता दर आठवड्याला बोलता येतं. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशांतल्या कुटुंबांनी द्यायची मासिक रक्कम २०२० मध्ये चारशेवरून पाचशे डॉलर झाली. गरीब देशांतल्या तरुणांना पंथ मदत करतो. अशा रीतीने आज साठ हजारांहून अधिक तरुण जगभर फिरत असतात. इतकी तरुण मुलं, इतक्या भाषांत, इतक्या नकारांना तोंड देत, इतका काळ ठेवणारी दुसरी संघटना शोधायला वेळ लागेल.

पण संख्येवरून शिक्षण कळत नाही. त्यासाठी याच पंथाच्या इतिहासातल्या दोन मोहिमा शेजारी ठेवून पाहाव्यात. दोन्ही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, एकाच दशकातल्या. दोन्हींतल्या प्रचारकांची श्रद्धा एक, पुस्तकं एक, आणि खिशात पैसे न ठेवता ऐकणाऱ्यांच्या घरी राहायचं, हा नियमही एकच. पहिली मोहीम हवाई बेटांवरची. डिसेंबर १८५० मध्ये दहा मॉर्मन प्रचारक होनोलुलूला उतरले. त्यांचा विचार होता तिथल्या गोऱ्या व्यापाऱ्यांना आणि खलाशांना धर्म सांगण्याचा. गोऱ्यांनी त्यांना हिंग लावूनही विचारलं नाही. मग प्रश्न उभा राहिला: आता काय? दहांपैकी निम्मे काही महिन्यांतच परत फिरले. तेवीस वर्षांचा जॉर्ज कॅनन मागे राहिला. आपण बेटांवरच्या मूळ रहिवाशांकडेच जायचं, असं त्याने ठरवलं. लाहायना गावात नालिमानुई नावाच्या एका बाईने आपलं घर त्याला आणि त्याच्या सोबत्यांना दिलं. पोई ही अळूच्या जातीच्या कंदाची आंबवलेली लापशी. तिचा वासही त्याला प्रथम सहन होत नव्हता. पण खायला दुसरं नाही आणि यजमानाला दुखवायचं नाही, म्हणून तो ती खायला शिकला. भाषा तो शिकला ती याच घरांत. योनाताना नापेला या हवाईयन न्यायाधीशाच्या मदतीने त्याने मॉर्मनांचा ग्रंथ हवाईयन भाषेत आणला, तो १८५५ मध्ये छापला गेला. १८५४ पर्यंत बेटांवर या पंथाचे सुमारे चार हजार अनुयायी झाले होते. त्याच वर्षी जोसेफ एफ. स्मिथ नावाचा पोरका मुलगा पंधराव्या वर्षी तिथे पोहोचला. तापाने अंथरुणाला खिळला तेव्हा एका हवाईयन बाईने त्याची आईसारखी शुश्रूषा केली. काही महिन्यांत तो भाषा बोलू लागला. पुढे १९०१ मध्ये हाच मुलगा साऱ्या पंथाचा अध्यक्ष झाला.

दुसरी मोहीम आपल्या अंगणातली. स्कॉटलंडचा ह्यू फिंडले १८५२ मध्ये मुंबईला उतरला आणि लवकरच पुण्याला गेला. दुसऱ्या बाजूने सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेले तेरा मॉर्मन प्रचारक १८५३ च्या एप्रिलमध्ये कोलकात्यात पोहोचले. अवघ्या बाविशीतला एमोस मिल्टन मसर त्यांच्यातलाच, तो पुढे कराचीला गेला. इथे यजमान कोण होणार होता? खिशात पैसा नाही, देशी भाषा येत नाही, तेव्हा स्वाभाविकच ते इंग्रजी बोलणाऱ्यांकडे वळले: कंपनी सरकारचे सैनिक, कारकून, युरेशियन कुटुंबं. लष्करी अधिकाऱ्यांनी छावणीत प्रचाराला मज्जाव केला. इतर पंथांच्या पाद्र्यांनी आणि वर्तमानपत्रांनी टीकेची झोड उठवली. त्यात मॉर्मनांनी ऑगस्ट १८५२ मध्ये बहुपत्नीत्वाचं समर्थन जाहीरपणे केल्याची बातमी इथे येऊन थडकली आणि उरलीसुरली गोरी दारंही बंद झाली. फिंडलेने मराठीचा अभ्यास केला आणि मराठ्यांना उद्देशून एक पत्रकही काढलं. म्हणजे पेठांकडे जाणारा रस्ता त्याला दिसला नाही असं म्हणता येणार नाही. पण तोवर उशीर झाला होता. पुण्यात जमलेला गट डझनभराच्या आसपास, तोही बहुतेक युरोपीय. ज्यांनी दीक्षा घेतली त्यांनी युटाला येऊन वसावं, अशी त्या काळी पंथाची शिकवण होती; त्यामुळे जो कोणी आपला होई तोही जहाजावर चढायच्या तयारीला लागे. १८५५ मध्ये फिंडलेही निघून गेला आणि वर्षभरात साऱ्या हिंदुस्थानातली मोहीम गुंडाळली गेली. पुण्याच्या इतिहासात आज तिचं नावही कोणाला ठाऊक नाही.

यावर एक आक्षेप लगेच येईल, आणि तो रास्त आहे. हवाई म्हणजे पुणे नव्हे. अमेरिकन पाद्री हवाईत १८२० मध्येच पोहोचले होते. लोक ख्रिस्ती आणि साक्षर झाले होते, शिवाय परक्या रोगांनी बेटांवरची लोकसंख्या झपाट्याने खचत होती. जुना आधार मोडलेल्या समाजाला नवा आधार हवा होता. पुण्यात जाती होत्या, पेशवाईची आठवण ताजी होती, कंपनी सरकार धर्मप्रचाराला बिचकून होतं. तेव्हा कॅनन पुण्यात असता तरी चार हजार अनुयायी मिळाले नसते, हे मान्यच करायला हवं. पण माझा मुद्दा अनुयायांच्या संख्येचा नाही. दोन्हीकडच्या तरुणांना त्या देशाबद्दल काय समजलं, हा आहे. हवाईतल्या तरुणाला भाषा, जेवण, आजारपण, नातेसंबंध सारं काही स्थानिकांच्या हातून मिळालं. म्हणून तिथल्या माणसाकडे माणूस म्हणून पाहणं त्याला भागच पडलं. हिंदुस्थानातला तरुण भाकरीसाठी गोऱ्यांकडे पाहत राहिला. म्हणून त्याला दिसला तो गोऱ्यांच्या व्हरांड्यातून दिसणारा हिंदुस्थान. श्रद्धा दोघांची तेवढीच कडवी होती. फरक होता तो अन्नदात्याचा.

हेच सूत्र महाराष्ट्रातल्या एका जुन्या आणि टिकलेल्या मोहिमेला लावून पाहता येतं. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन तरुण फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला आले. कंपनीने त्यांना परत पाठवायचा घाट घातला होता. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याकडे अर्जविनंत्या करून ते राहिले. या तुकडीतल्या सॅम्युअल न्यूएल याची पत्नी हॅरिएट मुंबईला पोहोचण्याआधीच, एकोणिसाव्या वर्षी, मॉरिशस बेटावर वारली. हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने गेला. पहिल्या कित्येक वर्षांत त्यांच्या हाताखाली झालेली धर्मांतरं बोटांवर मोजण्याइतकी होती. त्या हिशेबाने ही मोहीमही फसलीच म्हणायची. पण मराठी शिकायची तर पंतोजी हवा, शाळा चालवायच्या तर देशी शिक्षक हवेत, छापायचं तर देशी अक्षरं पाडणारे कारागीर हवेत. त्यांच्या शाळांतून बेने इस्रायली शिक्षकांनीही शिकवलं. ज्या समाजाचं ‘बेथ एल’ हे प्रार्थनामंदिर पनवेलला १८४९ पासून उभं आहे, तोच हा समाज. गणपत कृष्णाजी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम पाहून शिकले आणि त्यांनी हिंदू पंचांग छापलं. निर्णयसागरचे जावजी दादाजी लहानपणी याच छापखान्यात कामाला होते. संस्कृत ग्रंथांच्या देखण्या छपाईसाठी देशभर गाजलेल्या निर्णयसागराचं मूळ एका ख्रिस्ती मिशनच्या खिळ्यांत आहे. १८२७ मध्ये आलेल्या अविवाहित सिंथिया फरार यांनी पुढे अहमदनगरात मुलींच्या शाळा चालवल्या. तिथली शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली, आणि पुण्यात मुलींची शाळा काढण्याच्या त्यांच्या निश्चयाला त्यामुळे बळ मिळालं. फरार १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. ज्या कामासाठी ही माणसं आली ते फारसं झालं नाही. जे झालं ते इथल्या माणसांशी रोजचा व्यवहार पडल्यामुळे झालं, आणि त्याचा पुढचा उपयोग काय करायचा हे इथल्या माणसांनी ठरवलं.

परक्याच्या दारी जाऊन शिकण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. समर्थ रामदासांनी दासबोधात भिक्षेवर एक अख्खा समास खर्च केला आहे. त्यांच्या लेखी भिक्षा म्हणजे पोट भरण्यापेक्षा गावोगावची माणसं पारखण्याचं साधन. पुण्यामुंबईत वार लावून जेवत शिकलेल्या गरीब विद्यार्थ्यांची आठवण तर अजून दोन-तीन पिढ्यांपलीकडे गेलेली नाही. पण इथेच सूत्राची दुसरी बाजूही दिसते. वार लावणारा मुलगा सात घरांवर अवलंबून असे, तरी ती घरं बहुधा त्याच्याच जातीची असत. त्याला मिंधेपणाची बोच कळली, चिकाटी कळली. पलीकडच्या वाड्याचं जग कळलं नाही. अवलंबून राहणं पुरेसं नाही. कोणावर, हेच निर्णायक. याचं सर्वांत लखलखीत मराठी उदाहरण धर्मानंद कोसंबींचं. गोव्यातल्या साखवाळचा हा तरुण १८९९ मध्ये बायको आणि तान्ही मुलगी मागे ठेवून बुद्धाचा धर्म शोधायला निघाला. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकला, नेपाळात जाऊन निराश झाला, १९०२ मध्ये सिलोनला पोहोचून विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांकडे पाली शिकू लागला, भिक्षू झाला, ब्रह्मदेशात राहिला. मागे राहिलेल्या बाईने काय सोसलं असेल हा प्रश्न या कहाणीत उरतोच. तरी मराठी वाचकांना बुद्ध मूळ पालीतून समजावून सांगणारा माणूस या भिक्षापात्रातून घडला, हेही खरं. मॉर्मन तरुण सांगायला निघतो, कोसंबी विचारायला निघाले होते. दोघांनाही परक्याच्या हातचं खावं लागलं. मात्र विचारायला निघालेल्याला ते अन्न अधिक पचलं.

आता सर्वांत मोठा आक्षेप. ही सारी धर्मांतराची यंत्रणा आहे. तिच्या शिस्तीचं कौतुक करणं म्हणजे तिच्या हेतूवर पांघरूण घालणं नाही का? या शंकेमागे इतिहास आहे, ती झटकून टाकता येत नाही. शाळा, औषध, धान्य यांच्या बदल्यात श्रद्धा मागितली गेली असेल तिथे ती सेवा उरत नाही, सौदा होतो. आपल्या संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्माचा प्रचार करण्याचा हक्क दिला आहे, आणि रेव्ह. स्टॅनिस्लॉस खटल्यात १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. परदेशी माणसाला पर्यटक म्हणून येऊन इथे प्रचार करता येत नाही, त्यासाठी वेगळा व्हिसा लागतो. मॉर्मन पंथाचं भारतातलं आजचं रूपही प्रामुख्याने भारतीय माणसांचं आहे: १९९३ मध्ये बंगळूरुला मिशन स्थापन झालं तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष गुरचरणसिंग गिल होते, आणि हैदराबादेत २०१२ मध्ये पंथाचा देशातला पहिला मोठा प्रादेशिक विभाग झाला. तेव्हा कायद्याची चौकट आहे. ती पाळली जाते की नाही हे डोळ्यांत तेल घालून पाहायलाच हवं. पण शिस्त आणि हेतू वेगळे करता येतात, हे महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध केलं आहे. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा तौलनिक अभ्यास करून परतले आणि १९०६ मध्ये त्यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन उभं केलं. त्यांची बहीण जनाक्काही त्या कामात उतरली. मिशनऱ्यांची चिकाटी, वस्तीत जाऊन राहणं, शाळेपासून सुरुवात करणं हे सारं त्यांनी घेतलं. धर्मांतर घेतलं नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला तेव्हा सभासदाला पाच वर्षांची उमेदवारी ठेवली, ती याच जातीची. प्रचारकाकडून प्रचार वगळून बाकीचं घेता येतं, याला यापेक्षा आणखी पुरावा काय हवा?

दुसरा आक्षेप अधिक बारकाईचा आहे. टीकाकार म्हणतात, या दोन वर्षांचं खरं गिऱ्हाईक परदेशातला माणूस नसून तो तरुणच असतो. रोज पन्नास नकार पचवणारा माणूस आपल्या श्रद्धेला अधिकच घट्ट धरतो. एवढं सोसलं ते फुकट कसं म्हणायचं? चोवीस तास सोबत असणारा जोडीदार म्हणजे चालती-बोलती देखरेख. अठराव्या वर्षी, स्वतःचं मत बनायच्या आधी, पंथाशी गाठ पक्की करून टाकण्याची ही युक्ती आहे. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि मला ते माझ्या मुद्द्याला पूरकच वाटतं. जिथे तरुणाचा सारा आधार म्हणजे जोडीदार, नियमपुस्तिका आणि वरिष्ठांची आज्ञा असते, तिथे तो परदेशात राहूनही स्वतःच्या पंथातच राहतो. मग तो घट्ट होऊन परततो, शहाणा होऊन नव्हे. जिथे आजारपणात शेजारीण पेज आणून देते, भाषेतल्या चुका गल्लीतली पोरं हसून सुधारतात, जिथे उपदेश ऐकायला नकार देणारा माणूसही पावसात आडोशाला घेतो, तिथे त्याच नियमपुस्तिकेला भेगा पडतात. एकाच नेमाने दोन वर्षं काढलेले दोन तरुण इतके वेगळे होऊन परततात, त्याचं कारण मला इथे दिसतं. नियम मनाचे दरवाजे बंद करू शकतात. रोजची गरज ते उघडते. यंत्रणेला नको असलेलं शिक्षण यंत्रणेच्याच पोटात घडतं ते असं.

तिसरा आक्षेप घरचा आहे: आमची मुलं तर जातातच की परदेशी! पनवेल परिसरातून मर्चंट नेव्हीत, आखातात, जर्मनी-कॅनडाच्या विद्यापीठांत जाणारे तरुण काही थोडेथोडके नाहीत, आणि ते कष्टही कमी करत नाहीत. पण तिथे ते कोणावर अवलंबून असतात, हे विचारून पाहावं. विद्यापीठावर, कंपनीवर, एजंटवर, एकाच खोलीत राहणाऱ्या चार मराठी मुलांवर, भारतीय किराण्याच्या दुकानावर. महाराष्ट्र मंडळाचा गणपती ही परदेशातली मोठी सोय आहे, आणि एकटं पडलेल्या मुलाला तिची गरजही असते. मात्र दहा वर्षं परदेशात राहून एकाही स्थानिक कुटुंबाच्या स्वयंपाकघरात न गेलेला माणूस त्या देशात राहिला असं फार तर पासपोर्टवर म्हणता येईल. पुणे छावणीतल्या मॉर्मन प्रचारकांचं जे झालं तेच त्याचंही होतं: पगार वाढतो, देश कळत नाही. उलट परदेशी इस्पितळांत रुग्णांची सेवा करणाऱ्या परिचारिका किंवा अनोळखी शहरात घरोघरी पार्सल पोहोचवणारे विद्यार्थी कमी मानाचं काम करतात, पण त्यांना तो देश अधिक कळतो, कारण त्यांचा दिवस स्थानिक माणसाशी बोलल्यावाचून सरत नाही.

मग आपण काय करायचं? दोन वर्षं शिक्षण थांबवणं मध्यमवर्गीय घराला परवडणार नाही, हे खरंच आहे. मॉर्मन कुटुंबं मूल लहान असल्यापासून त्यासाठी पैसे साठवतात आणि त्यांच्या समाजात परत आलेल्याला मान असतो, आपल्याकडे ‘वर्ष वाया गेलं’ असं म्हणतात. पण काहीच पर्याय नाही असंही नाही. १९६९ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना विद्यार्थ्याकडून दोन वर्षांत २४० तास मागते आणि सात दिवसांचं निवासी शिबिर घेते. शिबिरात मुलं शाळेच्या सभागृहात झोपतात, आपला स्वयंपाक आपण करतात, रस्ता झाडतात, पथनाट्य करतात आणि निघून येतात. म्हणजे गावावर ती कशासाठीच अवलंबून नसतात. रायगडातल्याच रोह्याला जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांनी रुजवलेल्या स्वाध्यायाच्या भक्तीफेरीतही कार्यकर्ता स्वखर्चाने जातो आणि यजमानावर जेवणाचाही भार टाकत नाही. त्यामागची निरपेक्षता आदर वाटावा अशी आहे; तरी भार न टाकणारा पाहुणा घराच्या आतही फारसा जात नाही, हेही तितकंच खरं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी २००६ मध्ये सुरू केलेला ‘निर्माण’ उपक्रम, किंवा २००९ मध्ये मुंबई-पुण्यापासून सुरू झालेली ‘टीच फॉर इंडिया’ची दोन वर्षांची पाठ्यवृत्ती, हे या दिशेचे अधिक गंभीर प्रयत्न आहेत. तिथे तरुण पाहुणा म्हणून जात नाही. रोज त्याच माणसांसमोर उभं राहावं लागतं आणि त्यांच्या सहकार्याशिवाय त्याचं पानही हलत नाही.

सुकापूरच्या तरुणाला यासाठी पेरूला जायची गरज नाही. त्याच रस्त्याने पुढे नेऱ्याला कुष्ठरुग्णांसाठी उभं राहिलेलं शांतिवन आहे, पनवेल तालुक्यातच ताऱ्याला युसुफ मेहेरअली सेंटर आहे, आणि माथेरानच्या पायथ्याशी मालडुंगे-धोदाणीकडे कातकरी-ठाकरांच्या वाड्या आहेत. कातकरी बोली सुकापूरच्या नव्या सोसायट्यांतल्या किती जणांना कळते? कॉलेजांनी आणि संस्थांनी नियम उलटा करून पाहावा. सेवेचे तास मोजू नयेत. विद्यार्थ्याने एक पूर्ण सुट्टी वाडीतल्या कुटुंबाकडे, त्यांना रीतसर खर्च देऊन, त्यांच्या चुलीवरचं खात, त्यांच्या बोलीत चार वाक्यं शिकत काढावी. काय शिकवलंस हे विचारू नये. कोणाकडून काय शिकलास, हे लिहून घ्यावं. बदल्यात कोणाचीही श्रद्धा, मत किंवा फोटो मागू नये. यात यजमान कुटुंबावर ओझं पडू नये, मुलींच्या सुरक्षिततेची सोय असावी आणि वाडीने नको म्हटलं तर तो नकार मुकाट्याने मानावा, एवढ्या अटी घातल्याच पाहिजेत. नकार मानायला शिकणं हाही त्या शिक्षणाचाच भाग. मॉर्मन पंथाने जवळपास दोनशे वर्षांत तरुणांच्या हाती ग्रंथ देऊन त्यांना जगभर पाठवलं आणि आपल्याही नकळत एक गोष्ट सिद्ध केली. परमुलूख कळतो तो तिथे काय द्यायला गेलो यावरून नव्हे, तिथे काय मागावं लागलं यावरून. आपल्या मुलांना देण्याची सवय आपण भरपूर लावतो. अनोळखी माणसाकडे मागण्याची लाज घालवणारी एक सुट्टी आता अभ्यासक्रमात बसवायला हवी.